शनिवारी अकरा वाजता बोर्ड सुरू

आमच्या स्थानिक इतिहास मंडळाची एक पद्धत आहे. नाव आधी छापायचं आणि माणसाला मग विचारायचं. ही पद्धत पाडली आमच्या अध्यक्षांनी. त्यांना सगळे नकाशे सर म्हणतात. ते त्यांचं आडनाव नव्हे. भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि घरात माणसांपेक्षा नकाशे जास्त, म्हणून नकाशे सर. त्यांचं म्हणणं असं, की नुसतं विचारलं तर माणूस आढेवेढे घेतो. छापलेलं नाव हातात ठेवलं की तो एकदा वाचतो, चष्मा पुसून पुन्हा वाचतो आणि म्हणतो, "आता छापलंच आहे तर..." या पद्धतीने नऊ वर्षांत आम्हाला एक घड्याळजी, एक सुईण आणि पाणी खात्यात आयुष्यभर व्हॉल्व्ह फिरवलेला एक गृहस्थ असे वक्ते मिळाले. नाही म्हणणारा एकही निघाला नाही.

मी मंडळाची चिटणीस. तिमाहीचं पत्रक मी लिहिते, मी छापून आणते आणि मीच वाटते. या खेपेचं पत्रक लिहिताना मात्र मला फार आनंद झाला होता. पहिल्या आठवड्यात जुन्या सार्वजनिक नळांची पायी फेरी. दुसऱ्यात 'तुमची गल्ली नकाशात कुठे गेली?' हे सरांचं भाषण, म्हणजे दीड तासाची निश्चिंती. आणि तिसऱ्या शनिवारी, सकाळी अकरा वाजता, गावाचा जुना टेलिफोन बोर्ड पुन्हा सुरू!

हा बोर्ड आम्हाला टपाल कार्यालयाच्या अडगळीत सापडला होता. उभं लाकडी कपाट, त्यावर वीस नंबरांच्या वीस छोट्या पितळी झडपा. गावातल्या माणसाने आपल्या फोनचं हँडल फिरवलं की बोर्डावर त्याच्या नंबरची झडप टपकन खाली पडायची. समोर बसलेली ऑपरेटर त्या नंबराखालच्या भोकात दोरीच्या टोकाची पिन खुपसायची, "नंबर?" असं विचारायची आणि दुसरी पिन हव्या त्या नंबरात घालून दोघांना जोडून द्यायची. आमच्या वायरमननी पाच महिने खपून तो जिवंत केला. हे वायरमन टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, बोलायला महाग, पण ज्या दिवशी पहिली झडप पडली त्या दिवशी त्यांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या. सभागृहात दहा फोन ठेवायचे, लोकांनी हँडल फिरवायचं, आणि बोर्डावर बसणार कोण? तर गावाची शेवटची ऑपरेटर. माझी सख्खी मावशी.

मी तिचं नाव ठसठशीत अक्षरांत छापलं. पत्रकं जिल्ह्यातल्या सगळ्या वाचनालयांना पाठवली. आणि मग तिला विचारायला गेले.

मावशी मला भोंगा म्हणते. माझा आवाज तसाच आहे, मला वाईट वाटत नाही. आई गेल्यावर नवव्या वर्षापासून मी मावशीकडेच वाढले, तेव्हा जे काही बिघडलं असेल त्याची जबाबदारी तिचीही आहे.

तिने पत्रक वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मी मनात म्हटलं, चला, जमलं.

"मला विचारलंस?"

"आता विचारतेय ना."

"छापून झाल्यावर?"

"मावशी, अगं, झडपा पडतात! वीसच्या वीस!"

ती रागावायच्या बेतात होती, पण तो शब्द तिच्या डोळ्यांत शिरलेला मला दिसला. "पिना त्याच आहेत? की नव्या घातल्या मेल्यांनी?" तिने विचारलं. त्याच आहेत म्हटल्यावर तिने खुर्ची पुढे ओढली. कोणती झडप जरा अडकायची, हिवाळ्यात कोणती कळ घट्ट व्हायची, सगळं तिच्या बोटांत होतं. हवेतच हात फिरवून दाखवत होती. शेवटी म्हणाली, "बघू." मावशीचं 'बघू' म्हणजे इतरांचं सही-शिक्क्याचं पत्र. मी उड्या मारत घरी आले. वय एकोणसाठ आहे माझं, सांगून ठेवते.

आमच्याकडे असा कुणी साक्षीदार बोलणार असेल तर आधी त्याची मुलाखत रेकॉर्ड करतात. तिचे नियम सरांनी लिहून भिंतीवर लावलेत: विचारणाऱ्याने हळू बोलावं, कमी बोलावं, मध्ये तोंड घालू नये. हे नियम कुणाला उद्देशून आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी ते पाळले. मांडीवर प्रश्नांचा कागद, खाली मान, हलका आवाज. दीड तास मावशी भरभरून बोलली. चौदा वर्षं बोर्डावर काढली होती तिने. गावात कुणाचं लग्न ठरतंय, कुणाचा दवाखाना वाढतोय, सगळं तिला आधी कळायचं आणि यातलं एक अक्षरही तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

आणि तेव्हाच मला पलीकडची कळली.

पलीकडची म्हणजे शेजारच्या गावाच्या बोर्डावरची ऑपरेटर. एका गावाहून दुसऱ्या गावाला फोन करायचा तर दोन्ही बोर्डांवरच्या बायकांनी मिळून जोडायचा. म्हणजे दिवसातून तीस-चाळीस वेळा मावशी तिच्याशी बोलायची. ती हिला म्हणायची अलीकडची, ही तिला पलीकडची. लाइन मोकळी असली की दोघी आपापलं सांगत बसायच्या. चौदा वर्षं! आणि भेट एकदाही नाही. आठवड्याची सुट्टी दोघींची वेगळ्या दिवशी, रजा एकीला मिळाली की दुसरीची नामंजूर. मग बोर्ड गेले, आपोआप लागणारे फोन आले, ती मुलाकडे राहायला गेली, पत्रं चार-सहा वर्षं चालली आणि थांबली. "तिचा आवाज मी दोनशे बायकांत ओळखला असता," मावशी म्हणाली. "तोंड बघितलं नाही कधी. फोटोसुद्धा नाही. गरजच वाटली नाही."

त्यानंतर चार दिवसांनी मंडळाच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. वाचलं आणि मी खुर्चीतून उठून पुन्हा बसले. पलीकडची! तिच्या मुलाच्या गावच्या वाचनालयात आमचं पत्रक लागलं होतं. तिने लिहिलं होतं, "शनिवारी मी येत आहे. तिला सांगा, एवढ्या वर्षांनी तिचा आवाज ऐकायला मिळणार म्हणून मला काही सुचत नाहीये. तिने माझा ओळखला नाही तर मात्र बघून घेईन."

आता कुणीही शहाण्या बाईने हे कार्ड आधी मावशीला नेऊन दाखवलं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला हा माझा जन्माचा धंदा. मी आधी सरांना सांगितलं. सरांनी वर्तमानपत्रवाल्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानाच्या खालच्या अंगाला चौकट: 'दोन आवाजांची पहिली भेट. शनिवारी अकरा वाजता.' वाणसामानाच्या दुकानात बायका मला थांबवून विचारायला लागल्या, जागा धरून ठेवता येईल का म्हणून. नऊ वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. मी हवेत चालत मावशीकडे गेले आणि कार्ड आणि वर्तमानपत्र दोन्ही तिच्या पुढ्यात ठेवलं.

तिने कार्ड वाचलं. मग चौकट वाचली. मग दोन्हींची घडी करून माझ्याकडे परत दिली.

"रद्द कर."

"काय?"

"मी यायची नाही. रद्द कर म्हटलं ना."

मी कारण विचारलं. तिने सांगितलं नाही. मी चढ्या आवाजात विचारलं, म्हणजे माझ्या नेहमीच्याच. तिने तोंड फिरवलं. मग माझा पारा चढला. म्हटलं, एवढा गाव येणार, ती बिचारी म्हातारी प्रवास करून येणार, आणि तुला काय झालं नखरे करायला? हे बोलायला नको होतं. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि मी दार आपटून बाहेर आले. रस्त्यातल्या प्रत्येक खांबावर आमचं पत्रक होतं आणि प्रत्येक पत्रक माझ्याकडे बघत होतं.

रागाचं एक बरं असतं, राग आला की मी काम उपसते. मंडळात जाऊन मी मावशीच्या मुलाखतीचं लेखन करायला बसले. हे काम म्हणजे शिक्षा आहे. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, मागे जायचं, पुन्हा ऐकायचं. पण त्यात असं होतं, की समोर बसून जे दिसत नाही ते तिथे सापडतं.

आधी मला वाटलं, मावशी विषय सोडून बोलतेय. मी विचारलंय, पगार किती होता? ती सांगतेय, खिडकी पूर्वेला होती. मी विचारलंय, शिकवलं कुणी? ती म्हणतेय, हो, फार थंडी असायची. पुढचा प्रश्न मात्र अचूक. त्याच्या पुढचाही. मग पुन्हा भलतंच. मी मागे जाऊन ऐकत राहिले. आणि कानाला एक गोष्ट लागली. जिथे उत्तर भलतं, तिथे त्याच्या आधी कागद उलटल्याचा आवाज. प्रत्येक वेळी. म्हणजे मी मान खाली घालून कागदात बघून विचारलं की तिचं उत्तर चुकत होतं. मान वर करून विचारलं की बरोबर.

ती माझे ओठ वाचत होती.

मी रेकॉर्डर बंद केला. इतकी वर्षं मी रोज तिच्याकडे जाते. मला कळलं कसं नाही? तर माझ्या या आवाजामुळे. मी बोलते ते भिंतीलासुद्धा ऐकू जातं. भोंग्याशी बोलणाऱ्याचे कान गेलेत हे भोंग्याला कधी कळणार? मला रडू आलं आणि स्वतःचा इतका राग आला की लेखनाचे चार कागद मी फाडले. ते पुन्हा लिहावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेले आणि तिच्यासमोर, उजेडाकडे तोंड करून बसले. हळू बोलले. "कधीपासून?"

तिने ओळखलं. नाही म्हणाली नाही. "चार वर्षं होतील."

"मला सांगितलं नाहीस?"

"तुला सांगितलं की पत्रक निघतं."

मग म्हटलं, कानाचं यंत्र मिळतं.

"घेतलंय. त्या कपाटात आहे. त्यात सगळे पत्र्याच्या डब्यात बसून बोलतात. तू बोललीस तर चालेल डब्यातून. तिचा आवाज मला डब्यातला नकोय." ती बोटांनी कापड चाचपावं तशी मी परत आणलेल्या कार्डाची कड चाचपत होती. "बोर्डाचं मी जमवलं असतं. झडप पडते ती दिसते. समोरचा काय म्हणतोय ते तोंडावरून समजलं असतं. त्याला हो म्हटलं मी. पण ही येतेय ती आवाज ओळखायला. आमच्यात दुसरं होतं काय? तिने माझं तोंड बघितलं नाही, मी तिचं नाही. जे होतं ते एवढंच होतं आणि ते माझ्याकडून गेलं. आता ती माझ्यासमोर कुणी परकी बाई म्हणून उभी राहणार. मी तिला काय म्हणू? तूच कशावरून?"

"तू आजारी आहेस असं कळवू का तिला?"

"तिला खोटं सांगशील? मला बारीक ताप असला तरी 'नंबर' म्हटल्याबरोबर तिला कळायचं."

मी तिला ये म्हटलं नाही. मला ते फार जड गेलं, पण नाही म्हटलं. एवढंच सांगितलं, की मी काही रद्द करत नाही. तू नाही आलीस तर वायरमन बसतील बोर्डावर आणि लोकांना मी सांगेन की चूक माझी, मी न विचारता छापलं. ते खरंच होतं.

शनिवार उजाडला. आमचं सभागृह म्हणजे जुन्या अग्निशमन केंद्राची शेड. बंब बाहेर पडायचा ते उंच दार साडेनऊलाच उघडावं लागलं, कारण बाहेर रांग लागली होती. रांग! नळांच्या फेरीला सतरा माणसं होती, त्यातली दोन रस्ता चुकून आलेली. इथे दहा वाजताच दीडशे खुर्च्या भरल्या. शेजारच्या शिंप्याने आपली बाकडी आणून दिली. सर दर दोन मिनिटांनी माणसं मोजत होते आणि दर वेळी त्यांचा आवाज चिरकत होता. मी हरखले होते खरी, पण दाराकडे बघायचं नाही असं ठरवून मी दाराकडे बघत होते.

त्यात एक नवीनच निघालं. तारा भिंतीतून आल्या होत्या, म्हणून वायरमननी बोर्ड भिंतीलाच लावला होता. म्हणजे त्यावर बसणाऱ्याची लोकांकडे पाठ. मावशी आली असती तरी तिला एकाचेही ओठ दिसले नसते. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. "आता हलवता येणार नाही," वायरमन म्हणाले. त्यांना कशातलं काही माहीत नव्हतं. मी मान डोलावली.

अकराला दहा कमी असताना मावशी आली. ठेवणीतले कपडे, केस घट्ट बांधलेले, हातात काही नाही. लोक आपोआप बाजूला झाले. ती सरळ बोर्डापाशी गेली, उभी राहिली आणि तिने सगळ्या पिनांवरून एकदा हात फिरवला. मग वळून माझ्याकडे बघितलं.

"ती एवढ्या लांबून येणार आणि मी दोन गल्ल्या चालायचं नाही, हे काही बरं दिसत नाही," ती म्हणाली. "हेडफोन तू घाल. मी विचारीन, तू ऐक आणि मला सांग. माझ्याकडे तोंड करून. आणि ओरडू नकोस."

"आणि ती आली की?"

"ती आली की बघू. फोनवर नाही. चहाच्या वेळी भेटेन. सावकाश सांगेन."

अकरा वाजले. सरांनी प्रास्ताविक सुरू केलं, पण तेवढ्यात कुणीतरी हँडल फिरवलं, तीन नंबरची झडप टपकन पडली आणि सभागृहातून असा काही आवाज उठला की सर भाषण विसरून खाली बसले. मावशीचा हात तिथे आधीच पोचला होता. पिन आत, कळ खाली, आणि समोरच्या माउथपीसमध्ये एकच शब्द: "नंबर?" तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. घरातली मावशी अशी बोलत नाही. सरळ, स्वच्छ, आधी एक छोटा श्वास घेऊन.

माझ्या कानात तीन नंबरवाला म्हणाला, "आठ द्या." मी तिच्याकडे वळून ओठांनी आठ म्हटलं. दुसरी पिन आठमध्ये. आठचा फोन घणघणला, तिथली शाळकरी पोरगी किंचाळली, लोकांनी टाळ्या पिटल्या. आणि मावशीने माझ्या हातावर चापट मारली.

"कळ वर कर. जोडून झालं. आता ऐकायचं नाही."

कळ वर केली की ऑपरेटरला ऐकू येणं बंद होतं. मी केली. पण पुढच्याच फोनला मी पुन्हा ऐकत बसले, कारण पाचवाला दोनवाल्याला विचारत होता, तुझी बायको हल्ली बोलते का तुझ्याशी. पुन्हा चापट. त्यानंतर झडपा अशा पडायला लागल्या की विचारू नका. चार, नऊ, एक, पुन्हा चार. मी ऐकत होते, सांगत होते, ती जोडत होती, काढत होती, तिच्या दोन्ही हातांत दोऱ्यांची गुंफण आणि चुकली एकदाही नाही. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती हसत होती. मला वाटलं, हे असंच दुपारपर्यंत चालू दे.

सातची झडप पडली.

"नंबर?" मावशी म्हणाली.

पलीकडून काही नाही. श्वास फक्त. मग एक बारीक, तरतरीत आवाज माझ्या कानात म्हणाला, "अलीकडची?"

मी मावशीकडे वळले. मला काही सांगायची गरज पडली नाही, माझं तोंड बघूनच तिला कळलं. तिचा हात पिनेवर थांबला. सहाची झडप पडली, एकची पडली, तिने बघितलंही नाही.

"अगं, बोल की," माझ्या कानात आवाज म्हणाला. "'नंबर' म्हणालीस तिथेच ओळखलं मी. आता तू ओळख."

हे मी सांगितलं, तिने सांगितलं होतं तसंच, ओठांनी, न ओरडता. मावशीने डोळे मिटले. मला वाटलं आता ती उठून निघून जाणार आणि त्याला कारण मी असणार. तिने डोळे उघडले आणि माउथपीस जवळ ओढला.

"पलीकडची, ऐक," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. तू बोलतेस ते माझी भाची ऐकतेय, मी नाही. तुझा आवाज मला ओळखता यायचा नाही. तू रागावू नकोस."

दोनशे माणसांचं सभागृह, पण कुणी खुर्ची सरकवली नाही. वायरमन हातात पक्कड घेऊन तसेच उभे होते. माझ्या कानात नुसती खरखर.

मग तो आवाज म्हणाला, "तिला सांग, चौदा वर्षं मी तिला म्हणत होते, जरा माझं ऐक. तेव्हा कान धडधाकट होते. ऐकलंन कधी?"

मी सांगितलं. मावशी आधी नुसती बघत राहिली आणि मग जी हसली, डोक्यापासून पायापर्यंत हसली. तिने डोळे पुसले. कार्यक्रम सुरू असताना बोर्ड सोडून उठली. "सांभाळ," मला म्हणाली आणि वळली.

सात नंबरचा फोन पार मागच्या रांगेत होता. तिथे टेबलापाशी एक ठेंगणी बाई बसली होती, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर प्रवासाची पिशवी. ती अजून खाली ठेवली नव्हती. रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरलेला. मावशी खुर्च्यांमधून वाट काढत तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. कुणीच कुणाला ओळखलं नाही, हे मला इतक्या लांबून दिसलं. मग मावशीने तिची हनुवटी धरून तिचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं.

"आता बोल," ती म्हणाली. "सावकाश. मी बघतेय."

पलीकडची बोलायला लागली. रिसीव्हर तिने खाली ठेवलाच नाही. अलीकडचीशी बोलायचं तर रिसीव्हर धरून, तिला दुसरी सवय कुठे होती? ती मावशीच्या डोळ्यांत बघत फोनमध्ये बोलत होती, मावशी तिच्या ओठांवरून नजर न हलवता मान डोलावत होती आणि त्यातला शब्द न् शब्द माझ्या कानात पडत होता.

लोक माझ्याकडे वळले. "काय म्हणतायत? अहो, मोठ्याने सांगा!" सर वही उघडून माझ्या खांद्याशी आले होते. रेकॉर्डर त्यांनी माझ्या तोंडापाशी धरला. "सांगा, सांगा, नोंद होतेय. मंडळाच्या इतिहासात असा क्षण नाही." मी चिटणीस आहे. नऊ वर्षं मी याचसाठी धावतेय, की कुणीतरी काहीतरी बोलावं आणि मी ते लिहून घ्यावं. आणि गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

मी कळ वर केली.

कार्यक्रमाची नोंद दप्तरात आहे. उपस्थिती दोनशे अकरा, जोडलेले फोन चौसष्ट, चुकलेला एकही नाही. सात नंबरसमोरचा रकाना रिकामा आहे. सरांनी मला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी त्यांना एकच सांगितलं, मला ऐकू आलं नाही.